लेडीज हँड

तुमच्या बाबाने परदेशात बसून फोनवर माझी गाडी विकायला काढली. मी त्याला एवढंच सांगितलं होतं की द्वारका चौकाजवळच्या खड्ड्यात पुढच्या चाकाची रिम वाकली. त्यावर त्याने थेट एजंटच गाठला. "आई, आता तिच्यावर खर्च करू नकोस. रविवारी माणूस येईल. लेडीज हँड गाडी आहे, पटकन जाईल."

लेडीज हँड म्हणजे काय, हे तुम्हाला तिकडे कळायचं नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात हा मोठा गुण मानतात. बाईने चालवलेली, म्हणजे घर ते भाजीबाजार, आणि उरलेला वेळ कव्हरखाली झोपलेली. माझी गाडी अशी कधीच नव्हती. माझी शाळेतली नोकरी, तुमच्या आजोबांचे दवाखाने, सगळं तिने केलं. आता दर आठवड्याला सायखेडा. तिथे माझी धाकटी बहीण असते. गुडघ्यांमुळे ती घराबाहेर पडत नाही. मी गेले नाही, तर आमची भेट नाही. बाबा म्हणतो, टॅक्सीने जा. टॅक्सीवाला दाराशी हॉर्न वाजवत असताना बहिणीशी मनसोक्त भांडता येत नाही.

शनिवारी स्टेपनी लावून मी टायरच्या दुकानात गेले. दुकानदाराने गाडीभोवती एक फेरी मारली.

"आजी, टायर पार गुळगुळीत झालेत. नातू चालवतो का?"

"मी चालवते."

"मग लोखंडी रिमच टाका. उद्या विकायला बरं पडतं. लेडीज हँड गाडीला अलॉय लावले की गिऱ्हाईक म्हणतं, पोरांनी उडवलीय."

तोवर अलॉय, म्हणजे त्या हलक्या धातूच्या नक्षीदार रिम, माझ्या डोक्यातही नव्हते. "दाखवा अलॉय," मी म्हणाले.

मग त्याला हुरूप आला. त्याने चौदा इंची रिमवर चढवलेला एकशे पंच्याऐंशीचा टायर गडगडत आणला. माझ्या गाडीचा टायर एकशे पंचेचाळीसचा. हा आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. टायरच्या अंगावरच छापलेली असते. "काय रुबाब दिसेल! रोडला चिकटून चालेल."

"एक बसवा."

त्याने बसवला. मी आत बसून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवलं. मडगार्डच्या आत खर्र खर्र सुरू झालं, आणि स्टिअरिंगही पिठाच्या जात्यासारखं जड झालं.

"थोडं घासतंय. होईल सवय."

"कोणाला? मला की टायरला?"

तो हसला, पण टायर काढला. मी म्हटलं, रिम तेरा इंचीच राहू दे, टायर एकशे पंचावन्नचा द्या. खड्ड्यासाठी थोडी जास्त गादी मिळेल आणि कुठे घासणारही नाही.

"दहा मिलिमीटर वाढलेले दिसणारसुद्धा नाहीत, आजी."

"दिसायला रिम आहेत की."

रिम मी काळ्या निवडल्या, कडेला लाल रेघ असलेल्या. चांदीसारख्या राखाडीही होत्या. त्या म्हणे माझ्या वयाला शोभल्या असत्या. नव्या चाकांखाली त्याने लिंबं ठेवली, ती मी चिरडली आणि त्र्यंबक रोडवर एक लांब चक्कर मारून घरी आले.

रविवारी एजंट आला. चाकांपाशी वाकला, उठला, आणि माझ्यादेखत तुमच्या बाबाला फोन लावला. "साहेब, तुम्ही तर लेडीज हँड म्हणाला होतात."

"हँड माझाच आहे," मी म्हणाले.

त्याने फोन स्पीकरवर टाकला. "आई, काय करून ठेवलंस हे? आता हिला कोण घेणार?"

"कोणी नाही. म्हणूनच लावले."

एजंट घुटमळत उभा होता. चहा विचारायची माझी पद्धत आहे, पण त्या दिवशी मी किल्ली हातात घेतली.

"तुमची मोटरसायकल जरा फाटकासमोरून काढा," मी त्याला म्हणाले. "मला सायखेड्याला निघायचंय."