राजशेखर सरांची गच्ची

राजशेखर सर भेटले की आधी वर बघत, मग आपल्याकडे. चहावर ताटली झाकत आणि ताटलीच्या आतले थेंब मुलांना दाखवत. डब्यातली कडक भाकरी कानाशी धरून मोडत, कुरकुरली नाही तर म्हणत, "हवा दमट झाली." छत्री रोज आणत, रोज शाळेत विसरत.

सोलापुरातल्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी मराठी. मला ढग फक्त कवितेतले ठाऊक. "तुझे ढग नुसते दाटतात रे," सर म्हणत, "पडत नाहीत."

त्यांना गच्चीची किल्ली हवी होती. मैदानातून मुलांना आकाश तुकड्यांत दिसे. मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडमनी अट घातली. "आठवडाभर पाऊस बिनचूक मोजून दाखवा."

सातवीच्या मुलांनी रुंद तोंडाच्या डब्याला आतून मोजपट्टी चिकटवली. झाला पर्जन्यमापक. मृग कोरडा चालला होता. एका सकाळी मॅडम बघायला आल्या. डब्यात दोन बोटं पाणी.

"सर, पाऊस कधी झाला?"

सरांचा चेहरा उतरला. मग ते मुलांकडे वळले. "बोला. हा पाऊस आहे?"

"नाही," ओवी म्हणाली. "काल पिसांसारखे ढग होते. ते लई उंच, बर्फाच्या कणांचे. त्यांचा पाऊस खाली पोचत नाही."

"मग कुठले ढग लागतात?" सरांनी विचारलं.

"जाड, काळे. वाफ वर जाऊन गार होते. धुळीच्या कणांवर बारीक थेंब धरतात. ते एकमेकांत मिसळून जड झाले की पडतात."

मागून अजिंक्य ओरडला, "आन् मॅडम, पाऊस काय डब्यातच पडला? माती कोरडी हाय की!"

झाडणाऱ्या सोजरबाई थांबल्या. "आवं, ते मी वतलं. उनात पाखरं तहानलेली. डबा त्यांच्यासाठीच न्हाय व्हय?"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "पाऊस नाही, हेही बिनचूकच," म्हणत किल्ली त्यांनी तिथंच दिली. पाखरांना पाण्यासाठी मातीचं वेगळं परळ मिळालं.

सर गच्चीच्या भिंतीवर ढग रंगवू लागले. मुलं रोज मान वर करून ताडून बघत आणि सरांच्या चुका काढत.

शनिवारी संस्थेचा आदेश आला. माढ्याच्या शाळेत बदली. सोमवारी सर तिकडे हजरही झाले. मी अजून सावरलेलो नाही.

काल मुलांना घेऊन गच्चीवर गेलो. उंचावरचे ढग रंगून झालेत, मधले थरांचेही. खालचा मोठा, पावसाचा ढग सरांनी खडूने नुसता आखून ठेवलाय.