पंखा बंद कर गो

बाबल्याचं कोणाशी पटत नसे, आणि त्याला त्याची खंतही नव्हती. एके काळी मिरकरवाड्याच्या बंदरात तो आणि रमजान जोडीनं ट्रॉलरचे पंखे दुरुस्त करायचे. बोटीच्या बुडाशी पाण्यात फिरतो आणि तिला पुढे ढकलतो, तो हा पंखा. दुकानाच्या पाटीवर आधी नाव कुणाचं, एवढ्यावरून दोघांचं फाटलं ते कायमचं. वाटणीत रमजाननं कानशी घेतल्या आणि बाबल्यानं पंखा तोलायच्या दोन पोलादी सुऱ्या. म्हणजे धार एकानं लावायची आणि तोल दुसऱ्यानं काढायचा. एवढी अक्कल पाजळून दोघं आपापल्या घरी जाऊन बसले.

पुढे रिमोटवरच्या छोट्या बोटींच्या शर्यती लावणारे हौशी लोक त्यांच्याकडे येऊ लागले. ह्या बोटींचे पंखे अंगठ्याएवढे, पितळी, दोन पात्यांचे. आधी राजिवड्यात रमजानकडे धार, मग बाबल्याकडे तोल. बाबल्या पंख्यात बारीक सळई घाली आणि ती दोन सुऱ्यांवर आडवी ठेवी. जड पातं आपसूक खाली येई. ते पाठीकडून पॉलिशपेपरनं झिजवायचं. फिरवून ठेवावा तिथंच पंखा थांबला की तोल जमला. पण त्याला झुळूकसुद्धा चालत नसे. म्हणून पडवीत बसलेला बाबल्या घरात ओरडे, "पंखा बंद कर गो." आतून त्याची बायको सत्यवती त्याहून मोठ्यानं ओरडे, "केला."

ह्या मे महिन्यात देवरूखचा अजिंक्य तोंड पाडून आला. "काका, वेग घेतला की बोट मागून थरथरते. तुम्ही दिलेला हा तिसरा पंखा असा निघाला. पुढच्या आठवड्यात शर्यत आहे. सगळे म्हणतात, यापुढं कोल्हापूरला पाठवूया."

बाबल्याचं डोकं सणकलं. माणूस म्हणून त्याला कुत्रं विचारत नव्हतं. लोक त्याच्या दारात येत ते त्या तोलासाठी. तोच गेला तर पडवीत बसून करायचं काय, ह्या विचारानं तो हादरला, आणि हादरला की तो भांडायला जायचा.

"रमजाननं धार वाकडी मारलीन," असं म्हणून त्यानं पायात चपला सरकवल्या आणि तडक राजिवडा गाठला.

छताच्या पंख्याखाली रमजान कानस चालवत होता. त्यानं मानही वर केली नाही. "माजी धार सरळ हाय. काल तुज्या दारावरनं गेलो. तू सुऱ्यांवर पंखा ठेवून डोळे फाडून बसलेलास आणि आत तुज्या घरातला पंखा गरगर फिरत होता. सगळी हवा दारातनं तुज्या पाठीवर. त्या वाऱ्यानं पातं खाली जातं आणि तू चांगलं पातं झिजवतोस. ग्राइंडरपुढं बसून तू बहिरा झालास, बाबल्या."

"खोटारडा हायस तू."

"घरी जाऊन बघ."

बाबल्या मागच्या दारानं घरात शिरला. वर पंखा फिरत होता आणि खाली सत्यवती आडवी झाली होती. ती दचकलीसुद्धा नाही.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून. तुमचा एवढासा पंखा थांबायला हवा म्हणून आमी वाफून मरायचं? ओरडायला तेवढं कळतं तुमाला."

बाबल्याला बायकोचा राग आला. पण रमजानचा त्याहून जास्त आला, कारण तो खरं बोलला होता. त्या दिवशी तो जेवला नाही.

सकाळी जुन्या लुंगीत सुऱ्या गुंडाळून तो राजिवड्याला गेला आणि रमजानच्या टेबलावर त्यानं त्या धाडकन ठेवल्या.

"तुज्यासाठी नाय आलो. अजिंक्यची शर्यत हाय."

"मी कुठं बोलावलंय तुला?" रमजाननं कानशी मात्र बाजूला सरकवल्या.

बाबल्यानं सुऱ्या मांडल्या, अजिंक्यचा पंखा त्यांवर ठेवला आणि सवयीनं तोंड उघडलं. इथं कुणाला सांगणार? रमजानची विनवणी करण्यापेक्षा त्यानं जीव दिला असता. तो तसाच आ वासून बसला.

रमजाननं त्याच्या बापाचा उद्धार केला, कण्हत उठला आणि बटण दाबलं.

बाबल्याचा विश्वास नव्हताच. मान वर करून छताचा पंखा पूर्ण थांबेपर्यंत तो बघत राहिला. मगच त्यानं सुऱ्यांकडे नजर वळवली. रमजान समोर घामानं निथळत, त्याला शिव्या देत बसला होता. बाबल्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.