तेरा खांब आणि एक कडी

करवत चालली की भुसा साठतोच, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. किश्श्यांचंही आमच्याकडे तसंच झालं. दोन वर्षं मी स्वतःचं घर स्वतः बांधत होतो, तेही लाकडाच्या सांगाड्याचं. आता मिरजगावच्या बाजूला कुणी ओळखीचं आलं की वाट वाकडी करून आमच्याकडे येतं, चहाचा कप हातात घेऊन वर तुळयांकडे बघतं आणि विचारतं, "सगळं लाकूडच?" मग मी सुरू होतो. सुनंदा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, तेवढ्यात दुसरा चहा टाकते. एका चहात हे भागत नाही, हे तिला आता माहीत झालंय.

तर पहिल्यापासून सांगतो.

*

मी नगरच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं लेथवर काढली. नोकरी सोडली तेव्हा डोक्यात एकच किडा होता. गावाकडच्या वीस गुंठ्यांत घर बांधायचं. खांब लाकडाचे, तुळया लाकडाच्या, सांध्यात एकही खिळा नाही. विटांच्या भिंती नुसत्या आडोशाला, भार सगळा लाकडावर. आणि ठेकेदार नाही, ठेकेदार मीच!

हे मी सगळ्यात आधी दाजींना सांगितलं, ही माझी चूक. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, आणि धंद्याने आरसीसीचे ठेकेदार. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. मग म्हणाले, "मेहुणे, घर बांधताय का वाळवीला पंगत घालताय?"

पुढची दीडेक वर्षं प्रत्येक लग्नात आणि बारशात त्यांनी हे वाक्य वापरलं. लोक दर वेळी हसायचे. मीही हसायचो, दुसरं काय करणार?

सुनंदा मात्र हसली नाही. ती पोस्टात काउंटरला आहे. समोरच्याचं सगळं ऐकून घेते आणि मग शिक्का मारते. आम्ही नगरात अठरा वर्षं एकाच भाड्याच्या घरात काढली. तिथे गच्चीचा जिना आमच्या स्वयंपाकघरातून वर जायचा. त्यामुळे घरमालकांचं अख्खं बिऱ्हाड कुरडया वाळत घालायला, टाकी बघायला, पतंग उडवायला आमच्या चुलीपुढून ये-जा करायचं. दाराला कडी होती, पण लावली की दोन मिनिटांत कुणीतरी वाजवायचं. अठरा वर्षं सुनंदाने कधी निवांत वेणी घातलेली मी पाहिली नाही.

तिची अट एकच होती. "घर लाकडाचं बांधा नाहीतर पुठ्ठ्याचं. ज्या दिवशी माझ्या दाराला आतून कडी लागेल, त्या दिवशी मी टेम्पो बोलवीन. तोपर्यंत मी इथून हलणार नाही."

शिक्का बसला.

*

लाकूडकामाला मला भागुजी मिस्त्री भेटले. मूळचे शनिशिंगणापूरचे, वय सत्तरीच्या आसपास. बहीण आमच्या गावात दिलेली, तिच्याकडेच मुक्काम टाकून कामाला येऊ लागले. खांब, तुळया आणि चौकटी या कामात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मला ते पहिल्या दिवसापासून "फिटर" म्हणायचे.

मी पडलो लेथवाला. माझा हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. प्रत्येक सांध्याचं ड्रॉइंग मी रात्री जागून काढलेलं. भागुजींनी ते आदराने बघितलं, घडी घातली आणि लाकूड कापायच्या डगमगणाऱ्या घोड्याच्या पायाखाली सरकवलं. त्यांचं माप 'सूत'. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, त्याच्या खाली ते उतरतच नाहीत.

पहिला सांधा मी हट्टाने स्वतः केला. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारं कुसू. व्हर्निअर लावून मोजलं, तर कागद सरकायला जागा नाही. मी खूश! रात्री थोडी झिमझिम झाली. सकाळी सांधा बसवायला घेतला तर कुसू अर्ध्यात गेलं आणि अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. मी आणि दोन गडी घाम गाळून ओढतोय, आणि भागुजी शांतपणे तंबाखू मळतायत.

"ऱ्हाऊ द्या उन्हात," ते म्हणाले. "दोन दिसांनी आपसूक निघंल. लाकूड हाय ते फिटर, त्याला श्वास घ्यायला एक सूत सोडायचं असतं."

दोन दिवसांनी ते खरंच हाताने निघालं. मग मी गुपचूप त्यांचे सांधे व्हर्निअरने मोजले. दोन सांधे सारखे निघतील तर शपथ! पण बसत होते सगळे. त्या दिवशी व्हर्निअर डब्यात गेला तो अजून डब्यातच आहे.

*

आता शेततळ्याचा किस्सा. हा सांगितल्याशिवाय मला कुणी उठू देत नाही.

खांब बारा लागणार होते. मी नगरच्या सॉ मिलमधून सागवानाचे तेरा आणले, एक जास्तीचा असावा म्हणून. चारही बाजूंनी रंधून घेतले, दोन्ही तोंडं साफ कापली, वर त्यांना लाल रंग मारला. तेरा खांब असे चकाचक दिसत होते की मी त्यांच्यासोबत फोटो काढला.

भागुजी आले, बघितलं आणि डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "बुंधा कंचा आनि शेंडा कंचा?"

मला कुठे माहीत? रंधल्यावर दोन्ही टोकं सारखीच. पण त्यांच्या घराण्याचा नेम होता. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा. बुंधा खाली, शेंडा वर. उलटा खांब त्यांच्या आज्याने लावला नाही, बापाने लावला नाही, आणि ते लावणार नव्हते. मी इंजिनिअरिंगचं बोलू लागलो. ते हत्यारं आवरू लागले.

शेवटी त्यांनीच उपाय सांगितला. शेजाऱ्याचं शेततळं भरलेलं होतं. तेरा खांब ट्रॅक्टरवर लादून तिकडे नेले आणि एकेक पाण्यात सोडला. बुंध्याचं लाकूड जड, त्यामुळे ते टोक पाण्यात जास्त बुडतं. भागुजी काठावर उकिडवे बसून बोट दाखवायचे आणि मी कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून खडूने फुली मारायचो. सगळं गाव जमलं. दाजी मुद्दाम गाडी काढून आले आणि त्यांनी व्हिडिओ केला. "आमचे मेहुणे घराला पोहायला शिकवतायत," हे शब्द त्यात स्पष्ट ऐकू येतात.

बारा खांबांनी मुकाट्याने आपला बुंधा सांगितला. तेरावा मात्र सरळसोट आडवा तरंगत राहिला. फिरवून सोडला, उलटा करून सोडला, तरी तसाच. भागुजी तळ्याभोवती दोन चकरा मारून आले.

"ह्यो काय सांगत न्हाई," ते म्हणाले. "ह्याला उभा करायचा न्हाई. ठिवा बाजूला, त्याचं काम निघंल."

तेरावा खांब गोठ्यात गेला.

*

सांगाडा उभा करायचा दिवस रविवार ठरला. जमिनीवर जोडलेल्या चार चौकड्या, प्रत्येकीत तीन खांब आणि वर तुळई, दोरांनी ओढून उभ्या करायच्या. मी व्हॉट्सअ‍ॅपवर तीस माणसं मागितली, साठ आली. त्यातली वीस ओढायला आणि चाळीस सल्ला द्यायला!

एक म्हणे डावीकडून घ्या, दुसरा म्हणे आधी नारळ फोडा. सरपंचांचं वेगळंच चाललेलं. दाजी फोन कानाला लावून, "हायड्रा क्रेन मागवू का? अर्ध्या तासात येतंय," असं दर पाच मिनिटांनी विचारत होते. पहिली चौकडी दोनदा हातभर उचलली आणि दोनदा खाली आली. दुसऱ्या वेळी भागुजींचा पाय थोडक्यात वाचला.

सुनंदा नगरहून माणसांसाठी जेवण घेऊन आली होती. तिने पातेली खाली ठेवली, रंगाचा रिकामा डबा उपडा घातला आणि त्यावर चढली. पेन्शनच्या दिवशी जो आवाज पोस्टात लागतो, तो तिने लावला.

"रांगेत! मी तीन म्हणेपर्यंत कुणी दोराला हात लावायचा नाही. सरपंच, तुम्हीसुद्धा."

साठ माणसं रांगेत. एक, दोन, तीन, आणि चौकडी उठली ती थेट जागेवर जाऊन बसली. मग दुसरी, तिसरी, चौथी. खुंट्या ठोकल्याचा तो ठक ठक आवाज माझ्या कानात अजून आहे. बारा खांब आभाळात उभे राहिले तेव्हा मला रडू आलं, हे मी कबूल करतो. भागुजींनी तोंड फिरवलं होतं, म्हणजे त्यांनाही आलं असावं.

सुनंदा डब्यावरून उतरली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "काउंटर बंद. जेवायला बसा."

*

वर कौलं चढली, भिंती व्हायच्या होत्या, आणि मे महिन्यात एका दुपारी वावटळ सुटली. अशी की समोरचं दिसेना. तालुक्यात पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले. दाजींच्या साइटवरची सिमेंट ठेवायची पत्र्याची शेड तर शेजारच्या मक्यात जाऊन पडली.

वारा थांबल्यावर दाजी आले ते टेम्पो घेऊनच. माझं लाकूड गोळा करून न्यायला! मनाने माणूस चांगला आहे. येऊन बघतात तर मी आणि भागुजी तुळईखाली बसून चहा पितोय. सात कौलं गेली होती, बस्स.

दाजींनी एका खांबाला मिठी मारली आणि सगळ्या ताकदीने हलवून बघितलं. मग विचारलं, "खाली सिमेंट किती घातलंय?"

"येक घमेलं बी न्हाई," भागुजी म्हणाले. "दगडावर ठिवलाय."

आलेला टेम्पो रिकामा परत गेला. त्या दिवसापासून वाळवीचं वाक्य बंद झालं, आणि महिन्याभराने बहिणीचा फोन आला की भागुजींना वेळ आहे का विचार, ह्यांना गच्चीवर लाकडाचा मांडव करायचाय.

ग्रामपंचायतीच्या माणसाचंही असंच झालं. त्याच्या फॉर्मात घरं दोनच, कच्चं आणि पक्कं, आणि लाकूड कच्च्यात. त्याने तसं लिहिलं. मग मी सांगितलेलं सगळं ऐकलं, दोन कप चहा घेतला आणि जाताना पुढे पेनाने दोन शब्द वाढवले. आमची नोंद आज 'कच्चे, पण मजबूत' अशी आहे.

*

राहिलं दार.

मी नगरहून तयार दार आणलं. बसेना. भागुजींची चौकट वर खालपेक्षा दोन सूत रुंद, कारण दोन्ही बाजूचे खांब आपापल्या स्वभावाचे. दारवाला म्हणाला, चौकट तासू. भागुजी म्हणाले, चौकटीला हात लावायचा नाही. म्हणून मी त्यांना म्हटलं, मग तुम्हीच करा की दार.

ते रंधा उचलून दुसऱ्या कामाला लागले. दुसऱ्या दिवशी टाळलं, तिसऱ्या दिवशी टाळलं. चौथ्या दिवशी खालमानेनं म्हणाले, "फिटर, म्या जन्मात दार केल्यालं न्हाई."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिंगणापूरचा माणूस! तिथे घराला चौकट असते, दार नसतं. राखण देवावर सोडलेली असते. त्यांचा बाप, आजा, सगळे चौकटी करणारे. दुसऱ्या गावातही दाराचं काम आलं की ते हात जोडायचे. दार करणं म्हणजे देवावर अविश्वास, असं त्यांना वाटायचं.

घर पूर्ण, आणि बायको नगरात! गणपती गेले, दसरा गेला. मी एकटा त्या घरात झोपायचो आणि चौकटीतून गावातली कुत्री येऊन मला हुंगून जायची.

शेवटी एका रविवारी सुनंदा स्वतः आली. भागुजींसमोर पायरीवर बसली आणि तिने त्यांना गच्चीच्या जिन्याचं सगळं सांगितलं. अठरा वर्षांचं. मलाही त्यातलं निम्मं नवीन होतं.

"चोराची मला भीती नाही मिस्त्री," ती म्हणाली. "कुलूप मला नकोच. बाहेरून दाराला काही लावू नका. मला फक्त आतून कडी पाहिजे."

भागुजींनी मुंडाशाने तोंड पुसलं आणि ते उठून निघून गेले. मला वाटलं, गेले कायमचे.

सकाळी गोठ्यातून करवतीचा आवाज आला. जाऊन बघतो तर त्यांनी तेरावा खांब बाहेर काढला होता आणि त्याच्या फळ्या पाडत होते.

आठ दिवस लागले. दार बसवलं त्या दिवशी सुनंदा सामानाचा टेम्पो घेऊनच आली. दाजी पेढे घेऊन आले. भागुजींनी सगळ्यांना अंगणात उभं केलं, एकटे आत गेले आणि दार लावलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. दाजी दार ठोकायला पुढे झाले, तसा सुनंदाने त्यांचा हात धरला.

मग कडी निघाली. भागुजी बाहेर आले, डोळे लाल झालेले. उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि सुनंदाला म्हणाले, "बाई, आत लई शांत हाय. जा तुमी."

सुनंदा आत गेली. तिच्या पाठोपाठ मी पाय उचलला, तेवढ्यात दार लागलं आणि कडी सरकली.

मी दाराबाहेर, दाजी पेढ्यांचा पुडा धरून, टेम्पोत आमचा अख्खा संसार. दाजींनी माझ्याकडे बघितलं. "आता हिला काय झालं?"

भागुजी पायरीवर बसले, तंबाखूची डबी काढली आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा फिटर," ते म्हणाले. "येळ लागंल."