माणूस दिसला पाहिजे

आमच्या साखरपुड्यात सगळे पाहुणे स्टेजकडे बघत होते आणि माझे होणारे सासरे हॉलच्या मागच्या दाराचं कुलूप ओढून बघत होते. "आग लागली तर इकडून निघायचं," असं त्यांनी माझ्या आईला पेढा देता देता सांगितलं. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाले ते फक्त कारखान्यातून. कॉलनीत सगळे त्यांना सेफ्टीपप्पा म्हणत, आणि हे नाव मानाचं आहे असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

"माणूस दिसला पाहिजे" हे त्यांचं वाक्य. जिन्यातला बल्ब गेला की हे वाक्य. त्यांचा मुलगा निखिल, म्हणजे माझा नवरा, रात्री काळा शर्ट घालून बाहेर निघाला की हेच.

प्री-वेडिंग शूटमध्ये मला एकच फोटो हवा होता. मी बदलापूरची, नदीकाठच्या मांजर्लीतली. पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आईच्या लग्नाचा अल्बम भिजून लगदा झाला. नवरी झालेली आई मी कधी पाहिलीच नाही. म्हणून नदीवरच्या धुक्यात आम्हा दोघांचा एक मोठा फोटो काढायचा आणि भिंतीवर, पाणी पोचणार नाही इतका उंच लावायचा, हे मी मनाशी ठरवलं होतं. तसं धुकं थंडीतल्या मोजक्याच पहाटांना पडतं आणि ऊन आलं की संपतं.

त्या पहाटे मी बिनबाह्यांच्या गाऊनमध्ये कुडकुडत उभी होते, आणि गाडीतून निखिलच्या पाठोपाठ पप्पा उतरले. डोक्यावर कानटोपी, हातात काठी, अंगात कारखान्यातलं चमकत्या पट्ट्यांचं पोपटी जाकीट. "तुमचं चालू द्या," म्हणाले आणि काठीने काठावरचा एकेक दगड ठोकायला लागले. "हा हलतो. हा शेवाळलाय. इथे कोणी उभं राहायचं नाही."

उल्हासनगरहून आलेला फोटोग्राफर विकी रडकुंडीला आला. "अंकल, धुकं जा रहा है."

"जाऊ दे. पाय घसरला तर पोरगी पाण्यात."

निखिल बाजूला वाकून बुटाची लेस बांधत होता. मला पप्पांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

शेवटी एक दगड पास झाला. निखिलच्या आधी मी वर चढले, तर पप्पांनी अंगातलं जाकीट काढून मला घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

"पप्पा, फोटो काढायचाय."

"पाण्याजवळ आहेस. माणूस दिसला पाहिजे."

धुकं विरत चाललं होतं. "मॅडम, रहने दो, असाच मारतो," म्हणत विकीने फ्लॅश टाकला. जाकीट काढेपर्यंत ऊन आलं.

त्या फोटोत फ्लॅशने पेटलेल्या पट्ट्यांचा पांढरा झगझगाट आहे आणि त्यापुढे माझ्या चेहऱ्याच्या जागी काळोख. मी घरी येऊन रडले. पप्पांनी मात्र तोच मोठा करून हॉलमध्ये लावला, आणि आल्यागेल्याला दाखवत, "बघा, एवढ्या धुक्यात पण सून कशी उठून दिसते." मी चहाचा ट्रे घेऊन दातओठ खात उभी. दोनदा तो काढून माळ्यावर टाकला. दोन्ही वेळा त्यांनी शोधून परत लावला, आधी खिळा ओढून बघून.

मागच्या पावसाळ्यात पप्पा गेले. हॉस्पिटलातही पलंगाखालच्या वायरींवरून सिस्टरला बोलत होते. फोटोचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. माणूस गेला म्हणून तो फोटो काही चांगला होत नाही.

या थंडीत मला सकाळची शिफ्ट लागली. पहिल्या दिवशी अंधारात स्कूटर काढली, तर निखिलने ते पोपटी जाकीट आणून दिलं. मी चेन गळ्यापर्यंत ओढली. बदलापूर गावाजवळ धुकं इतकं होतं की पुढचा रस्ताही दिसेना. समोरून एक टेम्पो दिवे लावून सुसाट आला. त्याने लांबूनच वेग कमी केला आणि बाजू देऊन गेला.

त्याला मी दिसले होते.