डोंगरात मारलेली हाक

सीताफळाचा वास आला, की अहमदपूरकडचा आमचा डोंगर पुढ्यात उभा राहतो: काळा खडक, पोटऱ्या ओरबाडणारं कुसळी गवत आणि मधेमधे सीताफळीची झुडपं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीआधी आम्ही नवरा-बायको फळं तोडायला वर गेलो होतो. सासूबाई खाली शेतात सोयाबीन काढत होत्या. सासरे याच डोंगराच्या कड्यावरून पडून गेलेले, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी. त्यामुळं हे खडकाआड गेले ते बराच वेळ दिसेनात, तेव्हा मी तोडलेली फळं तिथंच टाकली. "अहो! अहो!" मी ओरडले. पलीकडच्या उतारावरून कुणीतरी विचारलं, "कुणाला बोलवायलीस गं?" उन्हं उतरायला लागली होती. नवऱ्याचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. शेवटी डोळे मिटले आणि जीव खाऊन नावानंच हाक मारली. डोंगरानं ती दोनदा परत दिली. मग खालच्या घळीतून आवाज आला, "हाव, हाय हितं! पाय मुरगळलाय." त्यांना धरून उतरताना आता दुसरीच धास्ती होती, कारण हाक शेतापर्यंत गेली असणार. सासूबाईंनी विळा खाली ठेवला, आधी लेकाचा पाय चाचपला, मग माझ्या लुगड्यातली कुसळं वेचू लागल्या. त्या तेव्हा जे बोलल्या, ते आजही फळ फोडताना हात थांबवतं. "बरं केलीस माय. म्या त्या दिशी नुसतं अहो, अहोच करीत बसले."