आप्पा कूस बदलतात तेव्हा

दुपारी आप्पा कुशीवर वळले आणि माझी नजर पुस्तकातून उठली. हल्ली माझे वडील वळले की मला त्यांच्या छातीतला गोळा आठवतो.

डॉक्टरांनी त्यांचा स्कॅन दोनदा काढला होता, एकदा उताणं आणि एकदा पालथं झोपवून. दोन्ही वेळा गोळा वेगळ्या जागी दिसला. "जुन्या टीबीनं फुप्फुसात पोकळी राहिली होती. तिच्यात बुरशी वाढलीय, म्हणून हलतेय."

"म्हणजे माझा खुळखुळाच झाला की," आप्पा हसले. हसताना खोकला आला आणि रुमालाला रक्त लागलं. ऑपरेशन त्यांना झेपणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्यांनी जाईल का, असं मी भीतभीत विचारलं. "वाढू नये, एवढं बघू."

घरी आईनं रिपोर्ट माझ्याच हातात दिला. "तू कॉलेजात जातेस, नीट वाच." आता मला त्यातला प्रत्येक शब्द कळतो. पण बुरशीवरचा उपाय मी पाहिलाय तो आईचाच. लोणच्यावर बुरशी आली की ती वरचा थर काढून टाकते आणि बरणी उन्हात ठेवते. माणसाची छाती अशी उघडून उन्हात ठेवता येत नाही.

आप्पा परत वळले. मी बघतेय हे त्यांना कळलं होतं.

"काय बाई, आता कुठं गेला तो?"

"खाली. तुम्ही वळलात तिकडंच."

"हुशार आहे माझी पोर," ते म्हणाले आणि त्यांनी समाधानानं डोळे मिटले.