वैयक्तिक कारण

समोरचा माणूस बोलून थांबला की आपा लगेच पुढचा प्रश्न विचारत नसे. पाण्याचा ग्लास त्याच्याकडं सरकवायची आणि गप्प बसायची. माणूस चुळबुळायचा, खिडकीबाहेर बघायचा, आणि जे सांगायचं नाही असं ठरवून आलेला असायचा, नेमकं तेच सांगून टाकायचा.

वाळूजच्या एका कारखान्यात आम्ही एचआरमध्ये होतो. ती मॅनेजर, मी तिच्या हाताखाली. नाव नसरीन, पण गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला आपाच म्हणत. नोकरी सोडणाऱ्याची शेवटची मुलाखत तिच्याकडं असे. कुणी सुपरवायझरच्या बोलण्याला विटलेला, कुणाची आई गावाकडं अंथरुणाला खिळलेली. ती सगळं ऐकून घ्यायची. फॉर्मवर कारणाला जागा एका ओळीचीच होती. तिथं ती लिहायची, 'वैयक्तिक कारण'.

अठरा वर्षांनी तिनं स्वतःचाच राजीनामा दिला. तिला सिनेमा करायचा होता, स्वतःचा, कुणाच्या हुकमाखाली नाही. दर रविवारी ती कॅमेरा शिकत होती, हे आम्हांला तेव्हा कळलं. उस्मानपुऱ्यातल्या घरी तिच्या अब्बांनी दोन महिने तिच्याशी बोलणं टाकलं. तिची शेवटची मुलाखत मलाच घ्यावी लागली. कारण विचारलं तर म्हणाली, "वैशाली, लिही वैयक्तिक."

मी पेन खाली ठेवलं आणि गप्प बसले. तिला हसू आलं. मग म्हणाली, "इतक्या लोकांनी इतकं सांगितलं गं मला, आणि सगळं मी एका ओळीत बुजवलं. आता नाय होत."

पहिला सिनेमा सोयगावकडच्या एका बाईंवर होता. बाई एकटीनं पिठाची गिरणी चालवायच्या. नाव बदलून त्यांना सुमनबाई म्हणते. सुट्टीच्या दिवशी मी आपाबरोबर माइक धरायला जायचे. गिरणी चालू असली की माइकमध्ये दुसरं काही येत नसे, आणि मी वैतागायचे. आपा म्हणायची, "लाईट जाऊ दे की. जातेच इथं."

एका दुपारी लाईट गेली. पट्टा थांबला, पीठ हळूहळू खाली बसलं. सुमनबाई पोत्याला टेकल्या. नवरा कसा वारला ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि थांबल्या. आपानं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला. बऱ्याच वेळानं बाई म्हणाल्या, "मेला म्हून पोरीला सांगितलं मी. मेला नाय त्यो. सुरतंला हाय, दुसरा संसार मांडून." मुलगी तेव्हा सिल्लोडला नर्सिंग शिकत होती.

मुंबईच्या एका महोत्सवाच्या लोकांनी कच्चा सिनेमा पाहिला आणि हा दुपारचा प्रसंगच त्याचा जीव आहे म्हणाले. आपा तशीच गाडी काढून सुमनबाईंना विचारायला गेली.

"ठिवा," बाई म्हणाल्या. "पण आधी मी पोरीला सांगते."

आपा थांबली. महोत्सवाची तारीख होऊन गेली. मी चिडले. म्हटलं, "त्यांनी ठेवा म्हटलंय ना?"

"आधी सांगते, असंबी म्हटलंय."

आठ महिन्यांनी सुमनबाईंचा फोन आला. "माझ्याच्यानं नाय व्हत, आपा." आपानं तो प्रसंग त्याच दिवशी काढला. मी दोन आठवडे तिच्याशी धड बोलले नाही. सिनेमा लहान झाला, मोठ्या ठिकाणी कुठं निवडलाही गेला नाही.

पहिल्यांदा तो दाखवला सुमनबाईंच्या गावातल्या शाळेत. अब्बाही आले होते. सतरंजीवर सुमनबाई आणि मुलगी शेजारी शेजारी बसल्या होत्या. स्वतःला पडद्यावर बघून बाई पदरात तोंड लपवून हसत होत्या. संपल्यावर मी वायर गुंडाळत होते, तेवढ्यात मुलगी आपाजवळ आली.

"तुम्ही आईला बाबांबद्दल विचारलं असेलच," ती हळू आवाजात म्हणाली. "ते सुरतला आहेत. मला दहावीपासून माहीत आहे. आईला यातलं काही कळू देऊ नका."

आपा म्हणाली, "बरं, बेटा." एवढंच.

परतताना अजिंठ्याच्या घाटात तिनं गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून कठड्यापाशी उभी राहिली. ओढणी डोळ्यांना लावलेली दिसत होती. अब्बा गाडीतून उतरले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी आतच बसून राहिले.

पुढं माझी बदली पुण्याला झाली आणि माइक सुटला. आपा दुसऱ्या सिनेमासाठी आता खुलताबादला जात असते. सुमनबाई मागच्या वर्षी वारल्या. हे लिहायचं मनात आलं तेव्हा मी आपाला फोन करून परवानगी मागितली.

"मला काय विचारतीस?" ती म्हणाली. "तिला विचार."

म्हणून कागद घेऊन मी सिल्लोडला मुलीकडं गेले. ती आता तिथंच नर्स आहे. ड्यूटी संपवून आली आणि समोर बसून तिनं सगळं वाचलं. तिच्या बापाबद्दल मी एक कडक शब्द लिहिला होता. माझंच पेन मागून तिनं तेवढा शब्द खोडला आणि कागद परत दिला.